बॅटरी रिसायकलिंगचं तंत्र: पेटंट घ्यावं, गुपित ठेवावं की सगळ्यांना खुलं करावं?

कोबाल्टनिळा :

नमस्कार मंडळी. इथे पेटंटचं काम करणारे आणि ऊर्जाक्षेत्रातले बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम हा धागा काढतेय.

आमची कंपनी लहान आहे. वापरून झालेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या दळल्या की काळी भुकटी निघते, तिला सगळे ब्लॅक मासच म्हणतात. ती सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवायची आणि त्या द्रावणातून निकेल, कोबाल्ट, लिथियम वेगळं काढायचं, हे आमचं काम. इथवर नवीन काही नाही. अडतं ते पुढे. द्रावणात ॲल्युमिनियम आणि लोहही उतरलेलं असतं. ते काढायला पीएच वाढवला की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत साका पडतो. फिल्टरचं कापड बघता बघता चोंदतं आणि त्या साक्यात अडकून निकेल-कोबाल्टही जातं. आमच्या टीमने अल्कली घालण्याचा क्रम, वेग आणि तापमान असं बसवलंय की साका दाणेदार पडतो, भराभर गाळला जातो आणि धातूचं नुकसान बरंच कमी होतं. त्यासाठी टाकीची आतली रचना बदलली, आणि सेन्सर बघून डोस ठरवणारं सॉफ्टवेअरही लिहिलं.

आता कंपनीत तीन मतं आहेत. गुंतवणूकदारांचं म्हणणं, भराभर पेटंटचे अर्ज टाका, त्याशिवाय पुढचे पैसे अवघड आहेत. प्लांट सांभाळणारे आमचे सर म्हणतात, भिंतीआड चालणारी गोष्ट आहे, पेटंट घेतलं की स्पर्धकाच्या हातात कृती लिहूनच दिल्यासारखं होईल. तिसरा सहकारी म्हणतो, आपण हे काम ज्या कारणासाठी सुरू केलं ते आठवा आणि तंत्र सगळ्यांना वापरू द्या. मला तिघांचंही थोडं थोडं पटतं. पुढच्या महिन्यात एका परिषदेत आमचं पोस्टर आहे आणि पायलट प्लांट बघायला लोक येऊ लागलेत, त्यामुळे लवकर ठरवायला हवं.

दावेदार :

बाकीचं सावकाश बोलू, आधी पोस्टर. सारांश पाठवून झालाय का? त्यात क्रम, वेग, तापमान यांतलं काही आहे का? असेल तर तो छापून यायच्या आत अर्ज दाखल झालाच पाहिजे. अमेरिका, जपान, कोरिया इथे स्वतःच जाहीर केलेल्या गोष्टीवर अर्ज करायला बारा महिन्यांची सवलत मिळते. युरोपात ती जवळजवळ नाहीच. तुमचा संभाव्य गिऱ्हाईक जर युरोपातला कॅथोड, म्हणजे बॅटरीतला धन ध्रुव, बनवणारा असेल, तर एका पोस्टरपायी तिथलं दार कायमचं बंद होईल.

प्लांट बघायला येणाऱ्यांचंही तेच. एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सही न घेता कुणाला टाकीत डोकावू दिलं असेल तर ते जाहीर प्रदर्शन ठरू शकतं. आणि नमुने? कुणाला माल पाठवला असेल तर तोही हिशेबात धरा. जुलै २०२५ मध्ये युरोपियन पेटंट ऑफिसच्या विस्तारित अपील मंडळाने जी १/२३ या प्रकरणात निर्णय दिला की बाजारात आलेली वस्तू हुबेहूब बनवता येत नसली, तरी ती आधीचं ज्ञान म्हणून मोजायची, म्हणजे आधीच जगजाहीर असलेली गोष्ट, जिच्यावर नंतर पेटंट मिळत नाही. योगायोग बघा, ते पेटंट सोलर पॅनेलमध्ये सेलभोवती जो थर भरतात त्याच्या पॉलिमरचं होतं. म्हणजे आपल्याच शेतातलं प्रकरण.

सारांश गेला असेल तर आजच आयोजकांना विचारा, तो कधी ऑनलाइन येणार.

कोबाल्टनिळा :

धन्यवाद! सारांश गेलाय, पण त्यात फक्त "गाळण्याचा वेग सुधारला" एवढंच आहे, कसा ते नाही. पोस्टर अजून छापायचंय. पाहुण्यांपैकी कुणाची सही घेतलीय आणि कुणाची नाही, ते काढायला सांगितलं.

वातचक्र :

मी पवनऊर्जेतला माणूस, बॅटरीतलं मला कळत नाही. पण आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी तुमच्या पहिल्या दोन मतांना थेट लागू होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली पेटंटची. केनेटेक नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९१ मध्ये बदलत्या वेगाने फिरणाऱ्या पवनचक्कीच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९९२ मध्ये ते मिळालं. जर्मनीची एनर्कॉन तेव्हा अमेरिकेत शिरू पाहत होती. केनेटेकने अमेरिकेच्या इंटरनॅशनल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली आणि १९९६ मध्ये एनर्कॉनच्या यंत्रांना अमेरिकेत आणायला बंदी झाली. आता गंमत नाही, गांभीर्याने घ्यायची गोष्ट अशी, की त्याच वर्षी केनेटेकच्या पवनचक्क्यांचा धंदा दिवाळखोरीत गेला. कंपनी बुडाली, पेटंट बुडालं नाही. ते झाँड या दुसऱ्या पवनचक्की कंपनीकडे गेलं, झाँड एन्रॉनकडे गेली, एन्रॉन कोसळल्यावर २००२ मध्ये तो विभाग जनरल इलेक्ट्रिकने (जीई) घेतला. एनर्कॉन आणि जीई यांचा समझोता व्हायला २००४ उजाडलं. पुढे २००८ मध्ये जीईने मित्सुबिशीविरुद्ध तक्रार केली, त्यातही केनेटेकचं ते जुनं पेटंट होतंच. त्या पेटंटची मुदत संपली २०११ मध्ये.

याचा अर्थ, तुमच्या कंपनीचं काहीही झालं तरी तुम्ही पेटंटमध्ये लिहिलेले दावे, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर ते सांगणारी वाक्यं, वीस वर्षं कुणाच्या ना कुणाच्या हातात जिवंत राहतील. ते कुणाच्या हातात जावेत याचा विचार तुमच्या त्या तिसऱ्या सहकाऱ्यानेच सगळ्यात आधी करायला हवा.

दुसरी गुपिताची. अमेरिकन सुपरकंडक्टर ही कंपनी पवनचक्कीचं नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर पुरवायची. चीनची सिनोव्हेल हे तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, कंपनीच्या निम्म्याहून अधिक उत्पन्नाचा आधार. मार्च २०११ मध्ये सिनोव्हेलने ठरलेला माल घ्यायला एकाएकी नकार दिला. नंतर कळलं की ऑस्ट्रियातल्या उपकंपनीतल्याच एका कर्मचाऱ्याला फोडून सोर्स कोड आधीच बाहेर गेला होता. अमेरिकेच्या न्यायालयाने सिनोव्हेलला २०१८ मध्ये दोषी ठरवलं. दंड १५ लाख डॉलर, आणि भरपाई ५.७५ कोटी डॉलर. अमेरिकन सरकारने न्यायालयात मांडलेलं कंपनीचं नुकसान होतं ५५ कोटी डॉलरहून जास्त, आणि सुमारे ७०० माणसांची नोकरी गेली.

तेव्हा तुमच्या सरांना सांगा, भिंत असून भागत नाही. आत कोण येतं, कोणाकडे काय असतं, हे रोज सांभाळावं लागतं.

अणुरेणू :

वातचक्र, फार चांगला प्रतिसाद. बॅटरीतलंच उदाहरण जोडते. एलजी आणि एसके या दोन कोरियन कंपन्यांचं भांडण पेटंटवरून नव्हे, ट्रेड सिक्रेटवरून पेटलं. माणसं एकीकडून दुसरीकडे गेली आणि सोबत माहिती गेली, हा आरोप. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या त्याच ट्रेड कमिशनने एसकेच्या काही बॅटऱ्यांवर दहा वर्षांची आयातबंदी घातली. एसकेने पुरावा नष्ट केला, हे तिथे फार महागात पडलं. एप्रिलमध्ये २ लाख कोटी वॉनवर, म्हणजे सुमारे १.८ अब्ज डॉलरवर समझोता झाला. हे सगळं निभावून नेणाऱ्या दोन्ही बाजू प्रचंड मोठ्या होत्या. लहान कंपनीला खटला चालवायचाच खर्च झेपत नाही.

उंबरठा :

वाचतोय. उपयुक्त धागा.

हिरवळ :

तिसऱ्या सहकाऱ्याच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते.

तापमानवाढ थांबवायला हाताशी असलेला वेळ मोजका आहे आणि पेटंटचा एकाधिकार वीस वर्षांचा. हे गणित कुणालाच अस्वस्थ करत नाही का? टेस्लाने जून २०१४ मध्ये जाहीर केलं की सद्भावनेने आमचं तंत्र वापरणाऱ्यांवर आम्ही पेटंटचे दावे लावणार नाही. टोयोटाने जानेवारी २०१५ मध्ये हायड्रोजन फ्युएल सेलची सुमारे ५,६८० पेटंटं विनामूल्य वापरायला दिली आणि २०१९ मध्ये विजेवरच्या गाड्यांच्या तंत्रातली सुमारे २३,७४०. इतक्या मोठ्या कंपन्या करू शकतात, तर ज्यांचं कामच पर्यावरणाचं आहे त्यांनी का करू नये? जुन्या बॅटऱ्या चुकीच्या पद्धतीने जाळल्या-पुरल्या जातात, तेव्हा त्याचं विष कुणाच्या पाण्यात उतरतं? ज्यांना लायसन्सची फी परवडत नाही त्यांच्याच.

दावेदार :

हिरवळ, कळकळ शंभर टक्के पटते. म्हणूनच त्या घोषणांतल्या अटी वाचायला हव्यात, कारण "खुलं" या शब्दाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी मोडतात.

टेस्लाच्या प्रतिज्ञेत सद्भावनेची व्याख्या दिलेली आहे. वापरणाऱ्याने टेस्लावर कुठल्याही बौद्धिक संपदेचा दावा लावायचा नाही, विजेवरच्या वाहनांच्या क्षेत्रात इतरांवरही पेटंटचा दावा लावायचा नाही, टेस्लाच्या पेटंटांना आव्हान द्यायचं नाही, नक्कल केलेला माल विकायचा नाही. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःची चांगली पेटंटं आहेत त्याने ती म्यान करायची. कुणाला हा सौदा परवडेल, कुणाला नाही. टोयोटाच्या फ्युएल सेलच्या देणगीला बहुतांश पेटंटांसाठी २०२० अखेरची मुदत होती, हायड्रोजन पंपांच्या पेटंटांना मात्र मुदत नव्हती. पंप उभे राहिल्याशिवाय गाड्या खपणार नाहीत, हे त्यामागचं कारण उघड आहे. मला त्यात काही वाईट दिसत नाही. स्वतःचा बाजार वाढवण्यासाठी उघडलेलं दार टिकतं. नुसत्या चांगुलपणाने उघडलेलं पुष्कळदा विसरलं जातं. आयबीएम, नोकिया, सोनी वगैरेंनी २००८ मध्ये इको-पेटंट कॉमन्स काढलं, पर्यावरणाला उपयोगी पेटंटं सगळ्यांना मोफत. २०१६ मध्ये ते बंद झालं. पेटंट दिलं, पण ते चालवायला लागणारं ज्ञान, माणूस, मदत यांतलं काही सोबत आलं नाही.

तुमच्या साक्याचंच घ्या. पेटंट फुकट दिलं तरी वेगळ्या रसायनाची बॅटरी आली की डोस कसा बदलायचा, हे शिकवायला कुणीतरी त्या प्लांटमध्ये उभं राहावं लागेल. गरीब भागातल्या प्लांटला खरी मदत करायची असेल तर पेटंट हातात ठेवा, त्या भागांसाठी फी माफ असलेलं लायसन्स लिहा आणि त्यात प्रशिक्षण घाला. डब्ल्यूआयपीओ ग्रीन हा संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेचा मंच २०१३ पासून देणाऱ्या-घेणाऱ्यांची गाठ घालून देतो, तिथे असं लायसन्स जाहीर करता येतं. पेटंटच नसेल तर अट घालायला हातात काहीच उरत नाही.

हिरवळ :

फी माफ लायसन्स आणि सोबत प्रशिक्षण, हे मला मान्य आहे. पण ते कंपनीच्या पहिल्या करारातच लिहिलेलं असावं. गुंतवणूकदार बदलले की अशी वचनं आधी जातात. केनेटेकच्या गोष्टीवरून तर ते फारच जाणवलं.

दावेदार :

बरोबर. लायसन्स पेटंटसोबत पुढच्या मालकावर बंधनकारक राहील, असं कलम घालता येतं. पण ते आपोआप होतं असं समजू नका. काही देशांत लायसन्सची नोंद पेटंट कार्यालयात केली नाही तर नवा मालक ते मानायला बांधील नसतो. नोंदवाच.

कोबाल्टनिळा :

इथवर सगळं समजलं. आता सरांचा मुद्दा. ते म्हणतात, समजा पेटंट घेतलं, पण स्पर्धक त्याच्या बंद प्लांटमध्ये आमचीच पद्धत वापरतोय हे कळणार कसं? विकला जाणारा माल म्हणजे निकेल सल्फेट. आमचं आणि दुसऱ्याचं निकेल सल्फेट सारखंच.

दावेदार :

तुमचे सर अनुभवी आहेत. प्रक्रियेच्या पेटंटमधली ही सगळ्यात दुखरी जागा.

ट्रिप्स, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरच्या कराराच्या, कलम ३४ मध्ये यावर थोडा उपाय आहे. प्रक्रियेचं पेटंट असेल आणि तिच्यातून निघणारा पदार्थ नवा असेल, तर पुराव्याचं ओझं आरोपीवर जातं. आपण वेगळी पद्धत वापरतो हे त्याने दाखवायचं. तुमचा पदार्थ नवा नाही, म्हणून ही वाट बंद. कलमात दुसरा पर्याय आहे: तुमचीच पद्धत वापरली असण्याची दाट शक्यता असेल आणि तुम्ही वाजवी प्रयत्न करूनही त्याने नेमकी कुठली वापरली ते शोधता येत नसेल, तरीही ओझं आरोपीवर जातं. पण देशांना दोन्हींपैकी एकच पर्याय कायद्यात आणण्याची मुभा आहे, त्यामुळे कुठे खटला करणार यावर सगळं अवलंबून.

म्हणून मी अशा वेळी प्लांटच्या आत शिरण्याचा नाद सोडतो आणि प्लांटमधून बाहेर काय पडतं ते बघतो. तुमच्या प्लांटमधून निकेल सल्फेटखेरीज काय बाहेर जातं?

कोबाल्टनिळा :

तो साकाच! गाळून दाबलेला ॲल्युमिनियम-लोहाचा चोथा. घातक कचऱ्याच्या केंद्राकडे जातो. आणि सोडियम सल्फेटचं पाणी.

दावेदार :

मग दावा त्या चोथ्यावर लिहा. "दाणेदार" म्हणजे नेमकं काय? कणांचा आकार, त्यातल्या स्फटिकांचं रूप, निकेलचं उरलेलं प्रमाण, ओलावा. हे तुमच्या प्रयोगशाळेत मोजलेलं असेलच. "अमुक गुणधर्मांचा साका तयार होतो अशी पद्धत" आणि शक्य असेल तर "असा साका" हाही स्वतंत्र दावा. चोथ्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली आणि एक्स-रे डिफ्रॅक्शनवर (स्फटिकांची रचना ओळखणारी चाचणी) घातला की कुणी काय केलं ते कळेल. कचरा हा या क्षेत्रात एक बोलका साक्षीदार असतो, कारण तो कायद्याने नोंदवावा लागतो.

आता याचीच उलट बाजू, आणि ती तुमच्या सरांसाठी. तुम्ही पर्यावरण परवान्यासाठी अर्ज केला असेल. त्यात काय लिहिलंय?

कोबाल्टनिळा :

प्रक्रियेचा आराखडा, रसायनांची यादी, रोजचं प्रमाण, सांडपाणी... थांबा. तापमानही आहे बहुतेक.

दावेदार :

तेच विचारायचं होतं. इतर उद्योगांत ट्रेड सिक्रेट म्हणजे कपाटात ठेवायची गोष्ट. स्वच्छ तंत्रज्ञानात मात्र तुमची प्रक्रिया बघायला लोक हक्काने येतात. परवाना देणारं खातं, जनसुनावणीला आलेले शेजारी, कार्बन फूटप्रिंट तपासणारा ऑडिटर, कर्ज देणाऱ्या बँकेचा तांत्रिक सल्लागार, कच्च्या मालाचा माग विचारणारा गिऱ्हाईक. बऱ्याच देशांत पर्यावरण परिणाम अहवाल सार्वजनिक असतात, आणि ते असलेच पाहिजेत, लोकांच्या हवापाण्याचा प्रश्न आहे. पण मग त्यात गेलेलं काही गुपित राहत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे पेटंटसाठी ते आधीचं ज्ञानही होऊन बसतं.

त्यामुळे अर्ज लिहिणारा पर्यावरण सल्लागार आणि पेटंटचा वकील यांनी एकमेकांचे मसुदे बघायचेच. शेजाऱ्यांना जे कळलं पाहिजे, म्हणजे काय रसायन, किती, बाहेर काय पडतं, ते सगळं पूर्ण आणि प्रामाणिक लिहायचं. अल्कली कुठल्या क्रमाने आणि किती वेळात घालतो, हे बहुतेक वेळा त्यांना लागत नाही. बऱ्याच कायद्यांत व्यापारी माहितीचा भाग गोपनीय ठेवायची विनंती करता येते, पण ती अर्जासोबत करावी लागते. नंतर मागून उपयोग नाही.

अणुरेणू :

हा मुद्दा मी पहिल्यांदाच कुठे वाचतेय. आमच्या संस्थेत तर परवान्याचा अर्ज आणि पेटंटचा अर्ज करणारे लोक एकमेकांना ओळखतही नाहीत.

वातचक्र :

अनुमोदन. पवनचक्क्यांच्या आवाजाच्या अहवालांतूनही पात्यांच्या नियंत्रणाबद्दल बरंच कळतं.

कोबाल्टनिळा :

परवान्याचा अर्ज तयार आहे पण अजून दाखल केलेला नाही. हे फार वेळेवर सांगितलंत.

मग प्रश्न असा, की साका आणि टाकी यांवर पेटंट, आणि डोसचा क्रम गुपित, असं चालेल का?

दावेदार :

अर्धं चालेल. पेटंटचा सौदाच असा आहे की बदल्यात, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला वाचून करता येईल इतकं सांगायचं. साक्यावर दावा लावलात आणि तो पाडायचा कसा हेच लपवलंत, तर दावा टिकणार नाही. तेव्हा आज जे माहीत आहे आणि दावा चालायला जे लागतं ते लिहावंच लागेल.

गुपित ठेवायचं ते त्यापुढचं. आज एका प्रकारच्या ब्लॅक मासवर जमलंय. उद्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट या वेगळ्या प्रकारच्या बॅटऱ्यांची भेसळ आली, लोह आणि फॉस्फेट वाढलं, की आकडे बदलणार. ते आकडे, कुठल्या पुरवठादाराच्या मालाला काय चालतं याच्या नोंदी, सॉफ्टवेअरमधली मॉडेलं, सेन्सर कुठे बसवला की चोंदत नाही, हे सगळं अर्जाच्या तारखेनंतर साठत जाईल. प्लांट चालेल तसं ते वाढेल. स्पर्धकाला पेटंट वाचूनही ते मिळणार नाही. टाकी मात्र पेटंटमध्येच घाला, फॅब्रिकेटर बनवणार, त्याचे वेल्डर बघणार, उद्या लायसन्स घेणाऱ्याकडे ती उघड्यावर उभी असणार.

आणि गुपित ठेवलेल्या गोष्टीवर उद्या दुसऱ्याने पेटंट घेतलं तर? बऱ्याच देशांत आधीपासून वापरणाऱ्याला वापर चालू ठेवण्याचा हक्क मिळतो, पण तो सिद्ध करायला तारखेच्या नोंदी लागतात. प्लांटच्या लॉगवर तारीख-वेळ आपोआप उमटेल अशी सोय आताच करा. ज्या गोष्टी तुम्हाला पेटंट करायच्या नाहीत आणि गुपितही ठेवता येणार नाहीत, त्या सरळ कुठेतरी छापून टाका. मग त्या कुणालाच अडवता येत नाहीत. तुमच्या तिसऱ्या सहकाऱ्याला हे काम द्या, आनंदाने करेल.

लोहचुंबक :

मी कर्ज देणाऱ्या बाजूला काम केलंय, तिथलं सांगतो. गुंतवणूकदार "पेटंट टाका" म्हणतात तेव्हा त्यांना संख्या हवी असते असा समज आहे. पहिल्या फेरीत कदाचित. पण प्लांट उभारायला मोठं कर्ज लागतं तेव्हा प्रश्न बदलतात. तुमच्याकडे किती पेटंटं आहेत हे आम्ही सर्वांत शेवटी विचारायचो. आधी विचारायचो, दुसऱ्या कुणाच्या पेटंटमुळे हा प्लांट बंद पडू शकतो का? याला एफटीओ, म्हणजे "फ्रीडम टू ऑपरेट", म्हणतात. स्वतःचं पेटंट असलं म्हणजे दुसऱ्याचं मोडत नाही, असं अजिबात नसतं. साका तुमचा, पण त्याआधीच्या लीचिंगवर (ॲसिडमध्ये विरघळवणं) किंवा नंतरच्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनवर (द्रावकाने धातू वेगळे करणं) दुसऱ्याचे दावे असू शकतात.

सोलरचं बघा. पर्क नावाचा सेल न्यू साउथ वेल्स विद्यापीठात १९८९ मध्ये मांडला गेला. कारखान्यांत तो मोठ्या प्रमाणात आला २०१० नंतरच्या दशकात. मूळ शोधाची मुदत असती तरी तोवर सरली असती. भांडणं झाली ती नंतरच्या सुधारणांवरून. हानव्हाने मागच्या बाजूच्या थराच्या पेटंटवरून २०१९ मध्ये जिंको, लाँजी, आरईसी यांच्यावर अनेक देशांत दावे लावले. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने उल्लंघन झालं नाही असं ठरवलं, आणि त्याच महिन्यात जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने हानव्हाच्या बाजूने निकाल दिला. एकाच शोधावर दोन देशांत दोन टोकं. म्हणून एफटीओ प्लांट जिथे उभा राहणार आणि माल जिथे विकणार, त्या प्रत्येक देशाचा वेगळा.

शोध घ्यायला पेटंटांच्या विषयवार वर्गीकरणातले सी२२बी ७/०० आणि एच०१एम १०/५४ हे वर्ग बघा. वाय०२डब्ल्यू ३०/८४ हा खास बॅटरी रिसायकलिंगसाठीचा टॅग आहे, हवामानाशी संबंधित तंत्रं शोधता यावीत म्हणून युरोपियन पेटंट ऑफिसने वाय०२ हा गट केला. सुरुवात तिथून करा, फुकट आहे. त्यानंतर वकिलाला पैसे द्या.

अणुरेणू :

अजून एक. कोबाल्टनिळा, हे संशोधन पूर्ण तुमच्याच कंपनीत झालं का? कुठल्या विद्यापीठाचं अनुदान, विद्यार्थी, उपकरण?

कोबाल्टनिळा :

साक्याचं सुरुवातीचं काम आमच्या एका सहकाऱ्याच्या पीएचडीतलं. एक्स-रे डिफ्रॅक्शन अजूनही त्याच विद्यापीठात करून घेतो.

अणुरेणू :

मग आधी त्या कामाचे कागद शोधा. प्रबंध जमा झालाय का, ग्रंथालयात खुला आहे का? खुला असेल तर त्यात जे आहे ते आधीचं ज्ञान झालं. आणि त्या काळातल्या शोधाचा मालक कोण? विद्यापीठाच्या नियमानुसार बहुधा विद्यापीठ. सरकारी अनुदान असेल तर सरकारचेही काही हक्क राहतात. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने विद्यापीठाला मालकी मिळाली, पण सरकारने काही परिस्थितीत मध्ये पडायचा हक्क स्वतःकडे राखला.

एक प्रसिद्ध उदाहरण. लिथियम-आयर्न-फॉस्फेट हे कॅथोडचं रसायन टेक्सास विद्यापीठात संशोधक जॉन गुडइनफ यांच्या गटात पुढे आलं. जपानी कंपनी एनटीटीचा एक संशोधक तिथे पाहुणा म्हणून काम करून गेला आणि त्यानंतर एनटीटीने जपानमध्ये पेटंटचा अर्ज केला. विद्यापीठाने २००१ मध्ये खटला भरला, २००८ मध्ये ३ कोटी डॉलरवर मिटलं. त्याच वर्षाच्या शेवटी विद्यापीठाचं युरोपातलं पेटंट रद्दही झालं. प्रयोगशाळेत पाहुणा येतो त्या दिवशी दोन पानांचा करार करायला फार खर्च येत नाही.

सहमालकी मात्र शक्यतो घेऊ नका. दोघे मालक असले की काही देशांत एकाला दुसऱ्याला न विचारता लायसन्स देता येतं, काही देशांत येत नाही. दोन्हीकडून अडचण. विद्यापीठाकडे मालकी राहू द्या आणि तुमच्या क्षेत्रापुरतं अनन्य लायसन्स घ्या, किंवा मोबदला देऊन हक्क कंपनीच्या नावे करून घ्या.

कोबाल्टनिळा :

प्रबंध जमा झालाय, पण दोन वर्षांसाठी बंद ठेवलाय. मुदत संपायला अजून अवकाश आहे. हुश्श. विद्यापीठाशी बोलणं मात्र बाकी आहे.

आता वेळेचं आणि पैशाचं. सगळ्या देशांत अर्ज टाकणं आम्हाला शक्यच नाही.

दावेदार :

पहिला अर्ज एका देशात. त्या तारखेपासून बारा महिन्यांत पीसीटी, म्हणजे बऱ्याच देशांचं दार एकदम उघडं ठेवणारा आंतरराष्ट्रीय अर्ज, आणि तिसाव्या महिन्यापर्यंत देश निवडायचे. म्हणजे मोठा खर्च अडीच वर्षं पुढे जातो. दरम्यान अठराव्या महिन्यात अर्ज जाहीर होतो, तोवर पुढच्या सुधारणांचे अर्ज टाकून घ्या, नाहीतर तुमचाच पहिला अर्ज तुमच्या दुसऱ्याच्या आड येईल. तुम्ही राहता त्या देशात आधी परवानगी न घेता परदेशात पहिला अर्ज टाकता येतो का, तेही बघा. काही देशांत तो गुन्हा आहे.

हरित तंत्रांसाठी जलद तपासणीच्या योजना असतात, ब्रिटनने २००९ मध्ये ग्रीन चॅनल सुरू केलं, त्यानंतर बऱ्याच कार्यालयांनी. मोह होतो, पण जपून. पेटंट लवकर मिळालं की दाव्यांचे शब्दही लवकर गोठतात आणि फी लवकर सुरू होते. तुमचं क्षेत्र सावकाश पिकणारं आहे. युरोपच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीत नव्या बॅटरीत किमान १६ टक्के कोबाल्ट आणि ६-६ टक्के लिथियम व निकेल पुनर्प्राप्त असावं ही अट लागू होतेय ऑगस्ट २०३१ पासून. मागणीचा खरा जोर त्यानंतर. टाकीचं पेटंट जलद मार्गाने घ्या, गुंतवणूकदारांना दाखवायला होईल. साक्याच्या अर्जाला मात्र नेहमीच्या चालीने जाऊ द्या, म्हणजे बाजार कुठे जातो ते बघून दावे आकाराला आणता येतील.

लोहचुंबक :

देश निवडताना गिऱ्हाइकांसोबत स्पर्धकांचे प्लांट कुठे आहेत तेही बघा. पेटंट तिथेच कामाचं जिथे कुणाला तरी थांबवायची वेळ येऊ शकते.

कोबाल्टनिळा :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिघांना एकत्र बसवून हा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं. पोस्टरवर फक्त निकाल, पद्धत नाही. विद्यापीठाशी बोलणी या आठवड्यात सुरू, ती होईपर्यंत परवान्याचा अर्ज थांबवला. साका आणि टाकी असे दोन अर्ज. ब्लॅक मासच्या नोंदी आणि सॉफ्टवेअर सरांच्या ताब्यात, कुणी काय उघडलं याची नोंद राहील. फी माफ लायसन्सचा मसुदा तिसरा सहकारी लिहितोय आणि तो भागधारकांच्या करारातच जोडायचा म्हणतोय. हिरवळ, तुमचा प्रतिसाद त्याने छापून घेतलाय.

शेवटचा एक प्रश्न. एक कॅथोड कंपनी नमुना मागतेय, निकेल-कोबाल्टच्या द्रावणाचा. सोबत "चोथ्याचाही थोडा पाठवा, आम्हाला अशुद्धी तपासायची आहे" म्हणतात. पाठवू का?

दावेदार :

द्रावण पाठवा, विश्लेषण फक्त ठरलेल्या घटकांचंच करायचं असं करारात लिहून घेऊन. चोथा अर्ज दाखल होईपर्यंत अजिबात नाही. त्यांना त्याचा चाचणी अहवाल द्या, निकेल, कोबाल्ट, फ्लोराइड एवढ्याच रकान्यांचा. कणांच्या आकाराचा रकाना काढून टाका.